जुन्या इंग्रजी पेपरात जहाज 'स्पोक' केलं म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने इंग्रजी पेपर स्कॅन होऊन ऑनलाइन आल्यापासून बरेच जण त्यात शिरायला लागलेत, कुणी घराण्याचा इतिहास शोधतंय, कुणी एखाद्या जहाजाचा प्रवास, कुणी मुंबई बंदरातला व्यापार, आणि जहाजांच्या बातम्यांच्या कॉलमात आले की सगळे एकाच क्रियापदापाशी अडकतात: 'स्पीक'. शाळेत पहिल्यांदा शिकलेल्या शब्दांपैकी हा एक, पण त्या कॉलमात काही केल्या त्याचा अर्थ लागत नाही. तेच तेच प्रश्न सारखे येत राहतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. घाई असेल त्यांनी १, ४ आणि ६ वाचले तरी काम भागेल. मुद्दाम रचलेली उदाहरणं आहेत तिथे तसं सांगितलंय.

१. 'स्पोक द एलिझा' असं छापलंय. मधला 'टू' किंवा 'विथ' गळलाय का? की छपाईची चूक आहे?

चूक नाही. दर्यावर्दी इंग्रजीत 'स्पीक' हे क्रियापद थेट कर्म घेतं. 'स्पोक द एलिझा' म्हणजे भर समुद्रात एलिझा नावाच्या जहाजाशी गाठ पडली आणि दोघांत बोलणं झालं. बोलणारी माणसं असली तरी वाक्यात जहाज जहाजाशी बोलतं. अठराव्या शतकातल्या पेपरात 'वॉज स्पोक विथ' असंही दिसतं, तिथे 'विथ' आहे आणि 'स्पोकन' च्या जागी 'स्पोक' आहे, तेही त्या काळच्या व्याकरणाप्रमाणे बरोबरच. पुढे एकोणिसाव्या शतकात हळूहळू 'स्पोकन' एवढा एकच शब्द उरला आणि तो कॉलमचं शीर्षक म्हणूनही यायला लागला, काही पेपर तर 'स्पीकिंग्ज' असंच शीर्षक द्यायचे.

२. पण भर समुद्रात बोलायचे कसे? दोन जहाजं एवढी जवळ यायची का?

यायची, आणि ते सोपं नव्हतं. क्षितिजावर शीड दिसलं की आधी ठरवायचं की हे मित्राचं आहे की शत्रूचं, मग बावटा चढवायचा, समोरच्यानं त्याचा बावटा दाखवायचा, आणि वारा-लाटा ठीक असतील तर दोन्ही जहाजं एकमेकांच्या दिशेनं वळवायची. जवळ आल्यावर एकानं काही शिडं उलटी फिरवून जहाज थोपवून धरायचं, दुसऱ्यानं वाऱ्याच्या अंदाजानं शेजारून सरकायचं. मग कप्तान हातात धातूचा लांब कर्णा घेऊन ओरडायचा: कुठलं जहाज? कुठून? कुठे चाललात? किती दिवस झाले? वाऱ्याच्या आवाजात ऐकायला आलं तर आलं, आणि ऐकू आलं त्यावर नाव लिहून घ्यायचं, स्पेलिंग विचारायला वेळ नसायचा. नावांच्या स्पेलिंगचे जे घोळ दिसतात त्यातले बरेचसे इथलेच.

नाव-गाव झालं की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न रेखांशाचा. अक्षांश सूर्यावरून बऱ्यापैकी अचूक निघायचा, पण रेखांशासाठी घड्याळावर किंवा नुसत्या अंदाजावर विसंबावं लागायचं, त्यामुळे दुसऱ्या जहाजाचा आकडा काय येतोय हे कळणं फार मोलाचं होतं. ओरडून आकडे नीट कळत नाहीत म्हणून फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात रेखांश लिहून कठड्यावरून दाखवायचे. समुद्र शांत असला तर होडी सोडून पत्रं, जुने पेपर, कधी बटाटे-कांदे, कधी औषधं इकडून तिकडे जायची. परतीच्या जहाजाच्या हाती घरची पत्रं देता यायची, हे तर प्रवाशांना फारच मोठं वाटायचं. महिना महिना दुसरं माणूस न बघितलेल्या लोकांना अशी भेट म्हणजे काय असेल हे त्या एका ओळीवरून कळत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिलं.

एकोणिसाव्या शतकात बावट्यांची भाषा आली आणि इतकं जवळ यायची गरज कमी झाली. १८१७ मध्ये फ्रेडरिक मॅरियट या नौदल अधिकाऱ्यानं व्यापारी जहाजांसाठी आकड्यांच्या बावट्यांची पद्धत काढली, प्रत्येक जहाजाला यादीतला नंबर, तो बावट्यांनी दाखवायचा. 'मेड हर नंबर' असं कुठे वाचलंत तर ते हेच. १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारची कमर्शियल कोड आली, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये. म्हणजे साधारण १८५७ नंतरच्या पेपरात 'स्पोकन' असेल तर तोंडी बोलणं झालंच असं समजू नका, मैलभर अंतरावरून बावटे वाचले असतील तरी शब्द तोच वापरायचे.

३. ही बातमी पेपरात कुठे असते? मुंबईच्या पेपरातही मिळेल का?

'शिप न्यूज', 'शिपिंग इंटेलिजन्स', 'मरीन इंटेलिजन्स' अशा शीर्षकाखाली, बारीक टाइपात, बहुतेक वेळा बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांच्या यादीनंतर. सगळ्यात मोठा साठा लॉइड्स लिस्टमध्ये. एडवर्ड लॉइडच्या लंडनमधल्या कॉफीहाउसभोवती विमेवाले जमायचे, त्यातून हे पत्रक १७३४ च्या सुमारास सुरू झालं, हाताशी असलेले सगळ्यात जुने अंक १७४१ पासूनचे आहेत, आधी आठवड्यातून दोनदा आणि १८३७ पासून रोज. १७४१ ते १८२६ चे अंक हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात. जुन्या पेपरांचे ऑनलाइन साठे, ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, हेही फुकट आहेत आणि सर्च चांगला आहे, युरोपातून तिकडे जाणाऱ्या जहाजांच्या भेटी तिथे भरपूर सापडतात.

मुंबईत बॉम्बे कुरिअर १७९० पासून, बॉम्बे गॅझेट १७९१ पासून, बॉम्बे टाइम्स १८३८ पासून निघत होते, आणि या बंदराचं सगळं आयुष्यच जहाजांवर असल्यामुळे जहाजांची बातमी तिथे नेमानं यायची. एक गोष्ट लक्षात ठेवा, स्पोकनची बातमी भेट कळवणारं जहाज ज्या बंदरात पोचलं तिथल्या पेपरात आधी येते. तुमचं जहाज लंडनहून मुंबईला येत होतं आणि वाटेत त्याला लिव्हरपूलला परतणारं जहाज भेटलं तर बातमी आधी लिव्हरपूल-लंडनला छापली जाणार, मुंबईला नाही. त्यामुळे नेहमी उलट दिशेच्या बंदरांचे पेपर तपासा.

४. एक ओळ घेऊन कशी वाचायची ते दाखवा ना.

ही ओळ मी रचलेली आहे पण धाटणी खरी. समजा १८४० च्या दशकातल्या लिव्हरपूलच्या पेपरात कलकत्त्याहून आलेल्या 'हीरो' जहाजाच्या नोंदीखाली असं आहे:

'स्पोक, १२ मे, लॅट. ३ एस., लाँग. २४ डब्ल्यू., शिप एलिझा, ब्राउन, फ्रॉम लंडन फॉर बॉम्बे, ३१ डेज आउट, ऑल वेल.'

बोलणारं जहाज हीरो, कारण त्याच्या नोंदीखाली ओळ आहे. भेटलेलं जहाज एलिझा. ब्राउन हे कप्तानाचं आडनाव, प्रवाशाचं नाही, ही गफलत सर्रास होते आणि मग लोक वंशावळीत एक ब्राउन घुसवतात. भेटीची जागा विषुववृत्ताच्या थोडी दक्षिणेला, अटलांटिकच्या मधोमध, आणि तिथेच भेटी जास्त होण्याला कारण आहे, वाऱ्यांमुळे जाणारी आणि येणारी दोन्ही शिडाची जहाजं विषुववृत्त साधारण त्याच पट्ट्यात ओलांडायची. '३१ डेज आउट' हे एलिझाबद्दल आहे, हीरोबद्दल नाही. म्हणून १२ मे मधून ३१ दिवस वजा केले की ११ एप्रिल, त्या सुमाराला एलिझानं इंग्लंड सोडलं. सुमाराला अशासाठी म्हणतोय की काही कप्तान लंडनहून दिवस मोजायचे, काही डाउन्सहून (इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ जहाजं नांगर टाकायची ती जागा), काही शेवटची जमीन नजरेआड झाली तिथून, आणि इंग्लिश खाडीत उलटा वारा असला तर एवढ्यातच आठवडा-दोन आठवडे जायचे. लंडनहून निघाल्याची तारीख पक्की हवी असेल तर निघालेल्या जहाजांची यादी वेगळी बघा.

आता पुढचं गणित करा, मला हे फार बोलकं वाटतं. हीरो लिव्हरपूलला जूनच्या मध्यावर पोचलं, बातमी छापली, तो पेपर सुएझमार्गे डाकेनं मुंबईला यायला आणखी पाच-सहा आठवडे. म्हणजे ऑगस्ट उजाडायला आला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून येणारी एलिझा साडेतीन-चार महिन्यांत यायची, म्हणजे तीही साधारण तेव्हाच. मुंबईत वाट बघणाऱ्याला जहाज सुखरूप असल्याची बातमी आणि जहाज कदाचित एकाच आठवड्यात मिळायचं. खरा उपयोग व्हायचा तो इंग्लंडात मागे राहिलेल्या कुटुंबाला आणि विमेवाल्यांना.

५. 'स्पोकन', 'साइटेड', 'पास्ड', 'फेल इन विथ' हे सगळं एकच का?

नाही, आणि फरक कामाचा आहे. 'साइटेड' म्हणजे नुसतं दिसलं, ओळख पटलीच असं नाही. 'सिग्नल्ड' किंवा 'एक्सचेंज्ड सिग्नल्स' म्हणजे बावट्यांनी ओळख दिली-घेतली. 'पास्ड' हे बहुतेक वेळा किनाऱ्यावरच्या ठाण्यानं कळवलेलं असतं, समोरून जहाज गेलं एवढंच, उदाहरणार्थ इंग्लंडच्या टोकाचं लिझर्ड, सेंट हेलेना, किंवा जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीतलं अँजर, जे १८८३ च्या क्राकाटोआच्या स्फोटानंतरच्या लाटांत वाहून गेलं. 'फेल इन विथ' म्हणजे अचानक गाठ पडली, आणि हे वाचलं की पुढचं वाक्य नीट वाचा कारण पुष्कळदा समोरचं जहाज अडचणीत असतं, डोलकाठी मोडलेली किंवा पाणी भरलेलं. 'बोर्डेड' म्हणजे माणसं प्रत्यक्ष त्या जहाजावर चढली.

आणि यातला एकही शब्द 'अराइव्ह्ड' नाही. स्पोकन म्हणजे पोचलं असं धरून प्रवासाची अखेर लिहिणारे बरेच जण भेटतात. स्पोकन फक्त एवढंच सांगतं की अमुक दिवशी अमुक जागी जहाज तरंगत होतं.

मुंबईच्या नोंदीत 'ऑफ केनरी' दिसलं तर ती आपली खांदेरी, आणि 'हेनरी' म्हणजे उंदेरी. कितीतरी जणांनी ही कुठली परदेशी बेटं म्हणून विचारलंय.

६. तारीख कुठली धरायची, पेपरची की ओळीतली?

तीन तारखा असतात: भेटीची, भेट कळवणारं जहाज बंदरात पोचल्याची, आणि पेपरची. घटनेची तारीख म्हणजे भेटीची, ती ओळीच्या आत असते. पेपरची तारीख तीन-चार महिने पुढची असू शकते, कारण दुसऱ्या पेपरातून उचलून तिसऱ्यानं छापणं हा तेव्हाचा रिवाज होता, आणि उचलताना भेटीची तारीख गाळलेलीही आढळते. म्हणून शक्य असेल तिथे आधी कुठे छापलं ते शोधा.

'१२ इन्स्टंट' म्हणजे चालू महिन्याची १२, 'अल्टिमो' म्हणजे मागच्या महिन्याची, 'प्रॉक्सिमो' पुढच्या महिन्याची. घोटाळा होतो तो उचललेल्या बातमीत: मूळ पेपर मे महिन्यातला, त्यात 'इन्स्टंट' म्हणजे मे, पण जूनमध्ये दुसऱ्यानं जसंच्या तसं छापलं तर वाचणारा जून समजतो. एका दिवसाच्या फरकाचं कोडं वेगळं आहे, ते प्रश्न ११ मध्ये.

७. 'ऑल वेल' लिहिलंय म्हणजे सगळे प्रवासी ठणठणीत होते ना?

ते कप्तानाचं म्हणणं आहे. लांबून ओरडून किंवा बावट्यानं सांगितलेलं, जहाज धड आहे, मदत नको, असा त्याचा अर्थ. खालच्या डेकवर ताप, हगवण, बाळंतपणं, मृत्यू काय चाललंय याची ही नोंद नव्हे. ज्यांचं कुणी त्या प्रवासात गेलं त्यांच्या वंशजांनी 'ऑल वेल' बघून मृत्यूची नोंदच खोटी ठरवू नये, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. उलट ओळीत 'ऑल वेल' नाही म्हणून काही वाईट घडलं असंही नाही, जागा कमी पडली की संपादक आधी तेच शब्द उडवायचे.

८. एकाच महिन्यात 'मेरी' तीन ठिकाणी स्पोकन आहे, एकमेकांपासून हजारो मैल. एकच जहाज कसं?

एकच नाही. मेरी, एलिझाबेथ, होप, विल्यम ही नावं असलेली जहाजं डझनांनी होती. म्हणूनच जहाजाच्या नावाला कप्तानाचं आडनाव जोडायची पद्धत होती. नाव, कप्तान, कुठून, कुठे या चार गोष्टींपैकी किमान तीन जुळल्याशिवाय आपलं जहाज समजू नका. कप्तान प्रवासात वारला आणि पहिल्या मेटनं, म्हणजे त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं, ताबा घेतला तर आडनाव बदलतं, तेव्हा मार्ग आणि दिवस जुळतात का ते बघा. जहाजाचा प्रकारही मदत करतो, शिप, बार्क, ब्रिग, स्कूनर हे शब्द शिडांच्या मांडणीवरून ठरलेले होते, मनाला येईल तो वापरत नसत. १८५५ पासून ब्रिटिश जहाजांना कायमचा अधिकृत नंबर मिळायला लागला, त्यानंतरचा शोध बराच सोपा आहे.

९. जहाजाच्या नावाऐवजी नुसती चार अक्षरं छापलीत, म्हणजे कुठला सांकेतिक संदेश का?

ती जहाजाची ओळख-अक्षरं. १८५७ च्या कमर्शियल कोडमध्ये १८ बावटे होते, इंग्रजीतल्या व्यंजनांचे, स्वर मुद्दाम वगळले होते कारण स्वर घेतले की चुकून भलतेसलते शब्द तयार झाले असते. प्रत्येक जहाजाला चार अक्षरं दिलेली, ती चढवली की नाव समजलं. समोरच्या कप्तानाकडे यादी जुनी असली किंवा जहाज नवीन असलं तर त्याला नाव सापडायचं नाही, मग तो अक्षरंच कळवायचा आणि पेपर तशीच छापायचे. ब्रिटिश जहाज असेल तर मर्कंटाइल नेव्ही लिस्ट नावाच्या वार्षिक यादीत अक्षरांवरून शोधा, यातले बरेच अंक ऑनलाइन आहेत.

इथे दोन खाचखळगे. एक, वेगवेगळ्या देशांनी तीच चार अक्षरं आपापल्या जहाजांना दिलेली असायची, फरक कळायचा तो सोबतच्या राष्ट्रीय निशाणावरून, म्हणून ओळीत 'ब्रिटिश बार्क' किंवा 'नॉर्वेजियन शिप' असं काही आहे का बघा. दोन, वारा पडलेला असला की बावटा लोंबकळतो आणि अक्षर चुकीचं वाचलं जातं. 'सपोज्ड' हा शब्द दिसला तर संपादकालाही शंका होती असं समजा. १९०१ पासून स्वरांसकट २६ बावट्यांची नवी कोड आली.

१०. दिलेले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले तर जहाज आफ्रिकेच्या जमिनीवर येतंय!

आधी छपाईची चूक धरा, पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण अक्षर उलटलं की असं होतं, दिशा बदलून जागा मार्गावर बसते का बघा. ते नसेल तर रेखांशाची मोजणीच चुकलेली असू शकते, विशेषतः अठराव्या शतकात, जेव्हा बहुतेक व्यापारी जहाजांवर क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढायचं अचूक घड्याळ, नव्हतं.

फ्रेंच जहाजानं दिलेली जागा असेल तर आणखी एक भानगड, फ्रेंच लोक रेखांश पॅरिसपासून मोजायचे, आणि पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटांवर आहे. म्हणजे पॅरिसपासून १० अंश पश्चिम हे ग्रिनिचपासून ७ अंश ४० मिनिटं पश्चिम. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिच ठरलं तरी फ्रेंचांनी लगेच सोडलं नाही. विषुववृत्ताजवळ हा फरक अडीचशे किलोमीटरच्या वर जातो.

११. दोन जहाजांनी एकमेकांची नोंद केलीय, पण एक म्हणतं ४ तारीख आणि दुसरं ५. कोण खोटं?

बहुधा कुणीच नाही. जुन्या नोंदवहीत दिवस मध्यरात्री बदलत नसे, दुपारी बाराला बदलायचा, कारण सूर्य डोक्यावर आला की अक्षांश काढायचा आणि तिथे एक दिवस मिटवायचा. त्या हिशेबात ५ तारीख म्हणजे किनाऱ्यावरच्या ४ तारखेच्या दुपारपासून ५ च्या दुपारपर्यंत. भेट ४ ला संध्याकाळी झाली तर वहीत ५ लागायची. ब्रिटिश नौदलानं ही पद्धत १८०५ मध्ये सोडली, व्यापारी जहाजांवर ती नंतरही काही काळ चालू राहिली. त्यामुळे त्या काळात युद्धनौका आणि व्यापारी जहाज दुपारनंतर भेटलं की असा एक दिवस सुटू शकतो.

१२. सर्चमध्ये 'स्पोक' टाकलं तर अठराव्या शतकातलं काहीच येत नाही.

कारण कॉम्प्युटरला तो शब्द 'फ्पोक' सारखा दिसतो. १८०० च्या आसपासपर्यंत इंग्रजी छपाईत लांब 'एस' वापरायचे, तो 'एफ' सारखाच दिसतो, आणि स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याला 'एफ' समजतं. तेव्हा पहिल्या 'एस' च्या जागी 'एफ' टाकून शोधा. जहाजाच्या नावाच्या मधे 'एस' असेल तर तिथेही तेच करा. आणि शब्दावर अवलंबून राहण्यापेक्षा कप्तानाचं आडनाव आणि बंदर एकत्र टाकून शोधलं तर हाती जास्त लागतं.

१३. शेवटची नोंद 'नॉट सिन्स स्पोकन' अशी आहे. म्हणजे बुडालं?

त्या दिवसापर्यंत तरी नाही. त्याचा अर्थ, या भेटीनंतर कुणाला दिसलं नाही, आणि पुढे ते जहाज सुखरूप पोचलेलंही असू शकतं. शोध थांबवू नका. जहाजाला फार उशीर झाला की लॉइड्समध्ये आधी 'ओव्हरड्यू', पुन्हा विमा उतरवायचा दर चढत जायचा, आणि शेवटी 'मिसिंग' म्हणून जाहीर व्हायचं, तेव्हा विम्याचे पैसे द्यायचे आणि कायद्यानं माणसं गेली असं धरायचं. १७९९ मध्ये बुडालेल्या ल्युटीन जहाजाची घंटा १८५८ मध्ये वर काढून लॉइड्समध्ये टांगली, ती एकदा वाजली की जहाज गेलं, दोनदा वाजली की उशीर झालेलं जहाज आलं.

अशा वेळी शेवटची स्पोकनची ओळ हाच एकमेव पुरावा उरतो. फ्रँकलिनच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेची एरेबस आणि टेरर ही जहाजं जुलै १८४५ मध्ये बॅफिन उपसागरात दोन व्हेलमारी जहाजांना भेटली, त्यानंतर कुणा युरोपियनाला ती दिसली नाहीत, आणि त्यांचे सांगाडे सापडले ते २०१४ आणि २०१६ मध्ये. वाराता ही आगबोट २६ जुलै १९०९ ला डर्बनहून केपटाउनला निघाली, दुसऱ्या दिवशी तिनं क्लॅन मॅकिंटायर या जहाजाशी दिव्यांच्या इशाऱ्यांनी बोलणं केलं, आणि दोनशेहून जास्त माणसांसह नाहीशी झाली, ती आजवर सापडलेली नाही. वृद्धांकडून ऐकून बरेच जण वैतरणाबद्दलही विचारतात, म्हणजे गुजरातेत जिला वीजळी म्हणतात ती, नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली आणि कधीच न पोचलेली. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटींच्या बाबतीत भर समुद्रातल्या भेटीची नोंद शोधण्यापेक्षा वाटेतल्या बंदरांनी दिलेल्या खबरी शोधा.

शेवटच्या भेटीनंतरची तारीख असलेली दुसरी 'स्पोकन' नोंद सापडली तर आनंदून जाण्याआधी प्रश्न ८ आणि ९ पुन्हा वाचा. हरवलेल्या जहाजाच्या नावाचं दुसरं जहाज दिसलं की आशेनं बातमी पसरायची आणि नंतर ती मागे घ्यावी लागायची, त्या घरच्यांचं काय होत असेल हे नुसतं वाचतानाही जाणवतं.

१४. युद्धाच्या काळातल्या 'स्पोक' चा अर्थ वेगळा असतो का?

क्रियापद तेच, पण भेट आपखुशीची असेलच असं नाही. युद्धनौका व्यापारी जहाजाला थांबवून, कधी तोफेचा बार काढून, चौकशी करायची आणि वहीत 'स्पोक' लिहायची. शिवाय खोटा बावटा लावून जवळ येणं हा नेहमीचा डाव होता, त्यामुळे बोलणाऱ्यानं सांगितलेलं नाव खरं असेलच असं नाही. हिंदी महासागरात फ्रेंच रॉबेर सुरकूफ फिरत होता, ऑक्टोबर १८०० मध्ये त्यानं कंपनीचं केंट हे जहाज पकडलं, त्या वर्षांतल्या कप्तानांना अनोळखी शिडाजवळ जाणं किती जोखमीचं वाटत असेल ते समजून घ्या. त्या काळात भेटींच्या नोंदी कमी दिसल्या तर त्याचं एक कारण हे.

१५. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबईमार्गे मॉरिशसला मजूर म्हणून गेले. या नोंदींचा आम्हाला उपयोग आहे का?

आहे, पण मर्यादा ओळखून. या कॉलमात प्रवाशांची नावं नसतात, मजुरांची तर नाहीच. व्यक्तीचा शोध मॉरिशसच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या आप्रवासी नोंदींतून करा, तिथून जहाजाचं नाव आणि पोचल्याची तारीख मिळाली की मग पेपरकडे या. मुंबई ते पोर्ट लुई काही आठवड्यांचा प्रवास, त्यामुळे वाटेतली भेट सापडेलच असं नाही, पण सापडली तर जहाज कुठल्या वाटेनं गेलं, वादळाच्या दिवसांत कुठे होतं, वेळ का लागला हे कळतं. गावाचं नाव आणि बायकांची नावं नोंदींत वेडीवाकडी लिहिलेली असतात, जहाजाचं नाव मात्र बऱ्यापैकी नीट असतं, म्हणून धागा तिथून पकडा. आप्रवासी घाटावर, म्हणजे पोर्ट लुईत मजूर उतरायचे त्या जागी, उतरलेल्या मराठी माणसांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलंय, त्यामुळे अशी एखादी ओळही मला जपून ठेवण्यासारखी वाटते.

१६. हा वापर बंद कधी झाला?

एका दिवसात नाही. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली, किनाऱ्यावरची सिग्नल ठाणी तारेला जोडली गेली, आगबोटी ठरल्या वेळेला पोचू लागल्या, तशी वाटेतल्या भेटीच्या बातमीची किंमत कमी झाली. शिडाच्या जहाजांपुरती ती पुढे बरीच वर्षं टिकली. १९०० नंतर बिनतारी आल्यावर 'स्पोकन बाय वायरलेस' असंही छापलेलं दिसतं, तिथे जहाजं एकमेकांच्या नजरेतही नसायची, म्हणून त्या नोंदीवरून जागा ठरवताना जपून.

१७. बाकी बातम्यांतल्या 'स्पीक' चं काय?

सभांच्या वृत्तांतात 'स्पोक टू द मोशन' म्हणजे ठरावावर बोलले. नाटकांच्या जाहिरातीत 'बिस्पीक' दिसतं, ते वेगळं क्रियापद, कुणा बड्या माणसानं सांगून लावलेला खेळ. त्यांचा जहाजांशी संबंध नाही.

१८. मराठीत लिहिताना 'स्पोक' ला काय लिहू?

'शी बोलले' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही, 'संपर्क झाला' म्हटलं तर आजचा रेडिओ डोळ्यासमोर येतो. मी 'समुद्रात गाठ पडली' लिहितो, आणि बावट्यांनी झालं असं पक्कं माहीत असेल तर 'बावट्यांनी ओळख पटली'. माहीत नसेल तर पहिलंच ठेवा.

१९. एकच भेट दोन्ही जहाजांच्या बाजूनं छापलेली सापडू शकते का?

सापडते, आणि तशी जोडी मिळाली तर सोडू नका. हीरोनं लिव्हरपूलला एलिझाबद्दल सांगितलं तसं एलिझानं मुंबईला हीरोबद्दल सांगितलेलं असतं, मुंबईच्या पेपरात ते आगमनाच्या नोंदीखाली बघा. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की नावातली चूक, तारखेतला दिवस, रेखांशातला फरक लगेच उघडा पडतो. कधी एका बाजूला जास्त तपशील असतो, की होडी सोडली, पत्रं घेतली, पाणी दिलं. दोन्ही रेखांश वेगळे असले तर जे जहाज जमीन सोडून कमी दिवस झालेलं त्याचा आधी खरा धरा, कारण चूक दिवसागणिक साचत जाते.